लंबर, खोड आणि लोढणं

१. हत्ती लाकडं तोडायला निघालाय का?

लातुरात अभ्यासिकांना तोटा नाही. अशाच एका अभ्यासिकेत बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवायला मी काही दिवस जात होतो. एका उताऱ्यात हत्ती जंगलातून 'लंबरिंग' करत निघाला होता. मागच्या बाकावरच्या पोरानं मोबाइलवर शब्द शोधला आणि हात वर केला.

"सर, लंबरिंग म्हणजे इमारती लाकडाचा धंदा असं दिलंय. हत्ती लाकडं तोडायला निघालाय का?"

वर्ग हसला. शेजारच्यानं त्याच्या मोबाइलात डोकं घालून पुढचा अर्थ वाचला : जड पावलं टाकत, अंग सावरत, धबाधबा चालणं. एवढ्यावर विषय मिटला असता. पण पुढच्या बाकावरची एक मुलगी नीटची तयारी करणारी होती. ती म्हणाली, "सर, बायोलॉजीत लंबर म्हणजे कंबर. लंबर मणके पाच." आणि दाराशी बसलेला, औशाकडून रोज बसनं येणारा एक मुलगा खाली मान घालून पुटपुटला, "आमच्याकडं लंबर म्हणजे नंबर. गट लंबर."

लाकूड, चाल, कंबर, आकडा. आवाज एक आणि माल चार जातींचा. पहिल्या पोराला आता हत्तीत रस उरला नव्हता. त्यानं विचारलं, "पण सर, एकाच शब्दाला असे भलतेभलते अर्थ देतं कोण?"

तास संपत आला होता, मी काहीतरी थातुरमातुर सांगून सुटलो. हे प्रकरण म्हणजे त्या दिवशी द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

२. संगम आणि चारी

आधी एक फरक ध्यानात घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

लातूरची मांजरा आणि नांदेडची गोदावरी या दोन वेगळ्या नद्या. दोघींचे उगम वेगळे, वाटा वेगळ्या. नांदेड जिल्ह्याची हद्द संपते तिथं, तेलंगणातल्या कंदकुर्तीजवळ, मांजरा गोदावरीला मिळते. संगमाच्या खाली ओंजळभर पाणी घेतलं तर त्यात मांजरा किती आणि गोदा किती, हे कोणी सांगू शकत नाही. तरी वरच्या अंगाला चालत गेलं की दोन पात्रं स्पष्ट दिसतात.

याच्या उलट कालव्याचं. नांदेडजवळ विष्णुपुरीला गोदावरीचं पाणी उपसून कालव्यात सोडतात. कालव्याला फाटे फुटतात, फाट्यांना चाऱ्या. एका चारीवर ऊस, दुसरीवर केळी, तिसरीवर हळद. पिकं एकमेकांच्या तोंडाकडेही बघणार नाहीत इतकी वेगळी, पण पाणी एकच.

शब्दांचंही असंच आहे. कधी दोन निराळे शब्द घासत-झिजत एकाच आवाजाला येऊन मिळतात, तो संगम. कधी एकाच शब्दाचा अर्थ पाझरत निरनिराळ्या शिवारांत जातो, ती चारी. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, एक आवाज आणि दोन अर्थ. कोणतं काय आहे ते कळायला वरच्या अंगाला चालत जावं लागतं.

कोशकार हे चालणं आपल्यासाठी करतात. चांगला कोश उघडा. एकच शब्द दोनदा, वेगळ्या नोंदींत छापलेला असेल, तर कोशकाराच्या मते तो संगम आहे. एकाच नोंदीत १, २, ३ असे आकडे टाकून अर्थ दिले असतील तर चाऱ्या. मोबाइलवरचे बरेच फुकटचे कोश ही शिस्त पाळत नाहीत, सगळे अर्थ एका टोपलीत ओततात. त्या पोराचा हत्ती लाकडं तोडायला निघाला तो त्यामुळं.

३. सावकाराची खोली

आता लंबरच्या वरच्या अंगाला जाऊ.

चालण्याचा अर्थ जुना. चौदाव्या शतकापासून इंग्रजीत 'जड पावलांनी जाणं' या अर्थी हा शब्द सापडतो. तो बहुधा उत्तरेकडून, स्वीडन-नॉर्वेच्या बाजूच्या बोलींतून आला असावा. स्वीडनच्या बोलीत 'लोमा' म्हणजे जड चालणं. शब्दाच्या आवाजातच ते ओझं आहे. आपण 'धबाधबा' म्हणतो तेव्हा पाय आपटल्यासारखं वाटतं, तसंच.

नाम म्हणून 'लंबर' येतो सोळाव्या शतकाच्या मध्याला, आणि तेव्हा त्याचा अर्थ लाकूड नाहीच. तेव्हा लंबर म्हणजे अडगळ. मोडका पलंग, तीन पायांची खुर्ची, कुणी मागत नाही आणि टाकवतही नाही असं सामान. असं सामान ठेवायची ती 'लंबर रूम', म्हणजे आपली अडगळीची खोली. तो शब्द इंग्लंडात अजून चालतो.

हा अडगळीचा अर्थ आला कुठून, यावर कोशकारांचे दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, चालण्याच्या शब्दाचीच ही चारी : जे जड, जे हलत नाही, ते लंबर. दुसऱ्या पक्षाची गोष्ट जास्त रंगतदार आहे. इटलीच्या उत्तरेला लोंबार्दी नावाचा प्रांत आहे. मध्ययुगात तिथले सावकार युरोपभर पेढ्या घालून बसले होते. लंडनच्या ज्या रस्त्यावर त्यांची दुकानं होती तो आजही लोंबार्ड स्ट्रीट. ते पैसे द्यायचे आणि बदल्यात वस्तू गहाण ठेवून घ्यायचे. गहाणाच्या दुकानाला 'लोंबार्ड' किंवा 'लंबर हाऊस' म्हणत. कर्ज फिटत नाही, वस्तू सुटत नाही. खोलीत भांडी, पेट्या, खाटा साठत जातात. लोंबार्डाच्या खोलीतला तो पसारा म्हणजे लंबर. आपल्याकडच्या जुन्या सावकाराच्या माडीवर तांब्याची घंगाळं आणि हंडे धूळ खात पडलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही व्युत्पत्ती लगेच पटेल. मला तरी पटते. पण पटणं हा काही पुरावा नव्हे, आणि हे पुढं आपल्याला आपल्याच अंगणात बघायचंय.

लाकडाचा अर्थ सगळ्यात धाकटा, आणि तो अमेरिकेत जन्मला, सतराव्या शतकात. तिथं गेलेल्या वसाहतवाल्यांपुढं जंगल उभं होतं. शेत काढायचं तर झाडं पाडायची, पाडलेली झाडं कापून फळ्या रचायच्या. जिकडंतिकडं लाकडाचा पसारा. त्या पसाऱ्याला त्यांनी घरचा जुना शब्द लावला, लंबर. मग तो पसारा विकला जाऊ लागला, जहाजात भरला जाऊ लागला, त्याच्यावर गावंच्या गावं श्रीमंत झाली. अडगळीचा माल झाला तरी नाव तेच राहिलं. इंग्लंडात मात्र इमारती लाकडाला 'टिंबर'च म्हणत राहिले.

याचा एक पुरावा आपल्या डोळ्यांसमोर आहे. नांदेडच्या किंवा लातूरच्या कुठल्याही लाकडाच्या दुकानाची पाटी वाचा. 'टिंबर मार्ट', 'टिंबर डेपो', 'सॉ मिल'. 'लंबर मार्ट' दिसणार नाही. आपलं इंग्रजी लंडनहून आलं, बोस्टनहून नव्हे, हे पाटीच सांगते.

टिंबरचीही एक गंमत सांगून पुढं जातो. जुन्या इंग्रजीत टिंबर म्हणजे मुळात लाकूड नव्हे, इमारत. जर्मनमध्ये त्याचा सख्खा भाऊ 'त्सिमर', म्हणजे खोली. ज्या प्राचीन धातूवरून हे आले त्याचंच संस्कृतातलं रूप 'दम', म्हणजे घर. आणि घराचे धनी ते 'दंपती'. लग्नपत्रिकेतलं दंपती आणि सॉ मिलच्या पाटीवरचं टिंबर हे असे लांबचे नातलग आहेत.

४. वखार

लाकडाच्या दुकानाला मराठीत आपण वखार म्हणतो. पण शाळेच्या इतिहासात हाच शब्द भेटतो तेव्हा तिथं लाकूड नसतं. सुरतेची वखार, राजापूरची वखार. शिवरायांनी १६६१ मध्ये राजापूरच्या इंग्रजांच्या वखारीवर हात टाकला तेव्हा आत ओंडके रचलेले नव्हते, इंग्रज व्यापारी होते आणि त्यांचा माल होता.

वखार म्हणजे माल साठवायची मोठी जागा, कुठलाही माल. पुढं कापडाला दुकान मिळालं, धान्याला आडत मिळाली, सोन्याला पेढी मिळाली. उरलं काय? लाकूड आणि कोळसा. त्यामुळं वखार म्हटलं की आज डोळ्यांपुढं भुसा आणि करवतीचा आवाज येतो. अर्थाची चारी जशी फुटते तशी ती आटतेही.

इंग्रजांनी त्यांच्या या वखारींना 'फॅक्टरी' म्हटलं होतं, कारण तिथं 'फॅक्टर' म्हणजे दलाल बसत. तिथं काही तयार होत नव्हतं. त्यांच्या शब्दानं पुढं कारखान्याचा रस्ता धरला, आपल्या शब्दानं सागवानाचा.

नांदेडच्या वखारीत सागवान येणं साहजिकच. किनवट-माहूरचं सागाचं जंगल जिल्ह्यातच आहे. किनवट तर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी आदिलाबाद जिल्ह्यात होतं, तेव्हा नांदेडला आलं. लातूरची गोष्ट उलटी. राज्यात सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत लातूरचा नंबर लागतो. तिथं घराला लाकूड म्हणजे बांधावरची बाभूळ आणि लिंब. सागवान पाहिजे तर बाहेरून आणायचं. या लिंबाला ध्यानात ठेवा, त्याच्याकडं परत यायचं आहे.

५. खण मोजून घर

एक शब्द जरा सावकाश बघू, कारण तो या भागातला आहे आणि त्याच्यावर चारीची कल्पना हातात धरल्यासारखी समजते.

मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे माळवद. दगडमातीच्या हात-दोन हात रुंद भिंती. आतून लाकडी खांब, खांबांवर आडव्या तुळया, त्यांच्यावर लहान लाकडं किंवा फळ्या दाटीनं मांडलेल्या, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी तो थर नव्यानं करायचा, म्हणजे गळत नाही. उन्हाळ्यात अशा घरात दुपारी बारालाही गारवा असतो.

दोन तुळयांच्या मधली जागा म्हणजे एक खण. घराचा आकार फुटांत कोणी सांगत नसे, खणांत सांगत. पाच खणी घर, सात खणी घर. सोयरीक जुळवताना मुलीचा बाप विचारायचा तो प्रश्न हाच : माळवद किती खणाचं?

आता बघा. कपाटाच्या आतल्या एकेका कप्प्याला आपण खण म्हणतो. टेबलाला असतो तोही खण. आणि ओटी भरताना नारळाबरोबर देतात तो चोळीचा खण. माती-लाकडाचं घर आणि इरकली काठाचा कापडाचा तुकडा, यांचा एकमेकांशी काय संबंध?

वर चालत गेलं की लगेच मिळतो. संस्कृत 'खंड', म्हणजे तुकडा. घराचा तुकडा, कपाटाचा तुकडा, कापडाचा तुकडा. उगम एक, चाऱ्या तीन. आणि तिन्ही ठिकाणी 'तो खण' असं एकच लिंग, हेही नोंदवून ठेवा.

हा खण नुसता कोशातला नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चार वाजायला काही मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-धाराशिवची हजारो माणसं झोपेत गेली. ती मुख्यतः या घरांखालीच गेली. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या, एकमेकींना नीट बांधलेल्या नाहीत. वर टनावारी मातीचं छत. हादरा बसला की भिंत फुटायची आणि तिच्या आधारावरचं सगळं आत यायचं. पण अभियंत्यांनी नंतर पाहणी केली तेव्हा एक गोष्ट दिसली. जिथं छताचा भार भिंतींवर नसून लाकडी खांबांवर होता आणि खांब-तुळयांचे सांधे मजबूत होते, तिथं काही घरांत भिंती ढासळूनही खण उभा राहिला होता. भिंती बाहेर पडलेल्या, आणि मधे चार खांबांवर छत तसंच.

त्या भागातल्या एका वखारीत मी जुनी तुळई पाहिली आहे, कुठल्याशा पाडलेल्या घरातली. काळपट सागवान, एका अंगाला चुलीच्या धुरानं तुळतुळीत झालेलं, ओळीनं चौकोनी भोकं. वखारवाला बोटं भोकांवरून फिरवत म्हणाला, "सर, हे सात खणीचं हाय." घर नव्हतं, गाव जागेवर नव्हतं, पण भोकं मोजून त्यानं घर सांगितलं.

६. लिंगाची मेख

मघाशी लिंग नोंदवून ठेवा म्हटलं, त्याचं कारण असं. मराठीला इंग्रजीपेक्षा एक सोय जास्त आहे. आपल्या नामांना लिंग असतं, आणि संगम ओळखायला ते बऱ्याचदा कामी येतं.

'माळ' घ्या. ती माळ गळ्यात घालायची, तो माळ गावाबाहेर असतो, कुसळं उगवलेला. ती माळ, त्या माळा. तो माळ, ते माळ. दोघांचं अनेकवचनही वेगळं. वर गेलं की संस्कृतातही ते वेगळेच : एक 'माला', दुसरा 'माल' म्हणजे उंचावरची जमीन. संगम. लिंगानं आधीच चुगली केली होती.

पण या सोयीवर फार विसंबायचं नाही. 'वेळ' बघा. "माझा वेळ गेला" म्हणताना तो वेळ, "जेवायची वेळ झाली" म्हणताना ती वेळ. दोन लिंगं, अर्थातही बारीक फरक : एक म्हणजे अवधी, दुसरी म्हणजे नेमका क्षण. पण दोन्ही एकाच संस्कृत 'वेला'तून आलेले. म्हणजे चारी असूनही लिंग बदललं. लिंग हा इशारा आहे, निकाल नाही. मेख आहे ती इथं. आणि 'मेख' हाही फारसीतून आलेला खुंटीचा शब्द, जो आता फक्त कुणाच्या तरी बोलण्यात सापडतो.

७. येळवस

वेळ निघालीच आहे तर लातूरच्या माणसाला राहवणार नाही.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर, धाराशिव आणि शेजारचा नांदेडचा पट्टा, सगळी माणसं रानात जातात. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, शहराचे रस्ते ओस पडतात. कडब्याची खोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव, डोक्यावरून आणलेल्या बिंदगीत आंबील, आणि भज्जी. जो जाईल त्याला जेवायला मिळतं, ओळख लागत नाही. पेपरात आणि सुट्टीच्या आदेशात या सणाचं नाव छापतात 'वेळ अमावस्या'.

गावात कोणीही तसं म्हणत नाही. गावात म्हणतात येळवस.

या सणाचा वेळेशी काय संबंध? काहीच नाही. याच अमावस्येला शेजारच्या कन्नड मुलखात एळ्ळ अमावस्या म्हणतात. कन्नडमध्ये 'एळ्ळु' म्हणजे तीळ. आपल्याकडं काहीजण 'येळ्ळ' म्हणजे कन्नड सात असंही सांगतात. तीळ घ्या की सात घ्या, शब्द सीमेपलीकडचा आहे हे नक्की, जशी आंबिलीची बिंदगी पलीकडची.

मग 'वेळ' कुठून आली? शिकलेल्या माणसाच्या मनातून. गावाकडं 'वेळ झाली' ऐवजी 'येळ झाली' म्हणतात, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं 'येळ अमावस्या' ऐकलं आणि मनातल्या मनात शुद्ध करून घेतलं. अशुद्ध काही नव्हतंच, तरी त्यानं शुद्ध केलं. अनोळखी शब्दाला ओळखीचा अंगरखा चढवायची ही जी खोड आहे, तिला भाषेचे अभ्यासक लोकव्युत्पत्ती म्हणतात. संगमाचा हा एक खास प्रकार : इथं दोन नद्या आपण होऊन मिळत नाहीत, माणूस कुदळ घेऊन मिळवतो.

म्हणून लोंबार्ड सावकाराची गोष्ट कितीही पटली तरी मी तिच्यावर सही करत नाही. 'वेळ अमावस्या'सुद्धा लोकांना पटतेच की.

८. निंबाचा लिंब, नंबरचा लंबर

औशाकडच्या त्या पोराचं राहिलं. त्यानं 'लंबर' म्हटल्यावर दोघं-तिघं हसले होते, आणि मला वाईट वाटलं ते तेव्हा मी त्यांना थांबवलं नाही याचं.

'नंबर' म्हणून बघा. सुरुवातीला न, लगेच पुढं अनुस्वारातला म. दोन्ही आवाज नाकातून काढायचे. एकापाठोपाठ दोनदा नाकाकडं जायचं म्हणजे जिभेला खटाटोप. ती एक फेरी वाचवते आणि पहिल्या न चा ल करते. न आणि ल काढताना जिभेचं टोक टेकतं ते जवळपास एकाच जागी, करून बघा.

हसणाऱ्यांना आता तो लिंब दाखवू या, लातूरच्या घरांना लाकूड देणारा. संस्कृतात तो 'निंब' आहे. हिंदीत नीम. मराठीनं त्याचा लिंब केला, त्याच कारणासाठी, त्याच जागी. निंबूचं लिंबू केलं. कडुलिंब म्हणणाऱ्या प्राध्यापकाला कोणी अडाणी म्हणत नाही. मग गट लंबर म्हणणाऱ्या शेतकऱ्यानं काय घोडं मारलंय? त्यानं परक्या शब्दाला मराठीचाच जुना कायदा लावला.

उत्तर हिंदुस्थानात तर हा लंबर सरकारदरबारी बसला. साहेबाच्या काळात गावचा सारा भरायची जबाबदारी ज्याच्या नावावर, तो 'लंबरदार'. इंग्रजी नंबरला फारसी 'दार' जोडून.

राहिला कंबरेचा लंबर. तो लॅटिन 'लुंबुस', म्हणजे कंबर, यावरून आलेला. इंग्रजीत लाकडाचा लंबर आणि कंबरेचा लंबर यांच्या शेवटच्या स्वरात एका अक्षराचा फरक आहे, देवनागरीत तोही गेला. म्हणजे हिशेब असा : कंबर वेगळी नदी, आकडा वेगळी नदी, आणि आकडासुद्धा येऊन मिळाला तो फक्त आपल्या कानात आणि आपल्या लिपीत. लंडनमधल्या माणसाला हे चार लंबर कधी एकत्र भेटणारच नाहीत. ते भेटायला लातूरची अभ्यासिका लागते.

९. खोड

लाकूड आणि चाल यांचं मात्र अजून मिटलेलं नाही. संगम की चारी? इंग्रजांना ठरवता आलेलं नाही. आणि त्यांना काय हसायचं, आपल्याकडं अगदी तसाच शब्द पडून आहे.

ते खोड : झाडाचं, जमिनीपासून फांद्या फुटेपर्यंतचं. ती खोड : वाईट सवय, जित्याची, मेल्याशिवाय न जाणारी. लिंग वेगळं, म्हणून संगम म्हणावंसं वाटतं. पण वरच्या अंगाला चला. संस्कृत कोशात 'खोड' म्हणजे लंगडा, पाय ओढत चालणारा. चालीतलं वैगुण्य ती खोड. आणि सवय तरी काय, वागण्यातलं वैगुण्यच. बाराव्या शतकात हेमचंद्रानं गुजरातेत प्राकृतातल्या देशी शब्दांचा 'देशीनाममाला' हा कोश केला. त्यात 'खोड' या एकाच शब्दाच्या अर्थांत हे दोन्ही आहेत : हद्दीवर रोवलेलं लाकूड, आणि लंगडा.

बेंगरूळ चाल आणि लाकूड. इंग्रजीतला लंबर तयार व्हायच्या काही शतकं आधी, आपल्या भाषेच्या आजीच्या घरात, तीच जोडी.

हे दोन्ही शब्द एकाच उगमाचे की वेगळे, यावर मी पैज लावणार नाही. पण लाकडाकडं बघून माणसाला अडणं, खुंटणं, जड होणं सुचतं, एवढं मात्र मराठीत पावलोपावली दिसतं. वाड्याच्या दाराला आतून लावायचं आडवं लाकूड तो अडसर, आणि कामात येतो तोही अडसर. कैद्याचे पाय अडकवायचं भोकं पाडलेलं लाकूड तो खोडा, आणि चांगल्या कामाला माणसं घालतात तोही खोडाच. जमिनीत रोवतात तो खुंट, आणि वाढ थांबते तेव्हा ती खुंटते. डोकं न चालणारा तो ठोकळा.

इंग्रजीत लंबरला एक चौथा अर्थही आहे, त्या दिवशी मोबाइलात खाली राहून गेलेला : नको असलेली जबाबदारी कुणाच्या तरी गळ्यात टाकणं. मराठीत याला आपण म्हणतो, गळ्यात लोढणं पडलं.

त्या वर्गात लोढणं पाहिलेलं पोर कदाचित एकच असेल, दाराशी बसलेलं. ओढाळ गाय असते, दावं सुटलं की दुसऱ्याच्या ज्वारीत शिरणारी. तिच्या गळ्याला दोरीनं बाभळीचा एक ओंडका बांधतात, गुडघ्याच्या खाली लोंबेल असा. गाय हळू चालली तर काही नाही. पण पळायला गेली की ओंडका पुढच्या दोन पायांत येतो, नडग्यांवर बसतो. मग ती पाय फाकवते, मान एका अंगाला करते, ओंडका चुकवत एकेक पाऊल टाकते. लाकूड खट् खट् वाजत राहतं, आणि ज्वारीचा मालक लांबूनच ओळखतो की ती आली.